रंगीत प्रिंट महाग का पडते? टोनरवरच्या चिपमध्ये दडलंय उत्तर

रंगीत लेझर प्रिंटर घेताना आपण काय बघतो? किंमत, वाय-फाय आहे का, मोबाईलवरून प्रिंट निघते का. टोनरचा भाव कोणी विचारत नाही. मग काही महिन्यांनी 'टोनर संपत आला' असा मेसेज येतो, आपण चारही रंगांची बेरीज करतो आणि आकडा बघून डोकं धरतो. एवढ्यात तर नवा प्रिंटर आला असता!

हा योगायोग नाही, धंद्याचं गणितच तसं आहे. प्रिंटर स्वस्तात विकायचा आणि कमाई कार्ट्रिजवर करायची. एचपीचे सीईओ असताना एन्रिके लोरेस यांनी जानेवारी 2024 मध्ये एका मुलाखतीत हे उघडच सांगितलं होतं: विकलेला प्रत्येक प्रिंटर ही कंपनीची गुंतवणूक असते आणि ग्राहकाने आमचं कार्ट्रिज वापरलं नाही तर ती गुंतवणूक वाया जाते.

मग दुसऱ्या कंपनीचा टोनर का नाही चालत?

टोनर म्हणजे प्लॅस्टिकची बारीक रंगीत पूड. प्रिंटर ती उष्णतेने वितळवून कागदावर चिकटवतो. बाहेरच्या कंपन्याही ही पूड बनवतात. खरा अडथळा आहे तो कार्ट्रिजवरची छोटीशी चिप. प्रिंटर आधी तिची ओळख तपासतो. ती पटली नाही तर आत टोनर भरलेला असला तरी छपाई बंद.

छपाईसाठी ही चिप लागतेच का? याचं उत्तर चुकून मिळालं. 2022 च्या सुरुवातीला जगभर चिपचा तुटवडा होता, तेव्हा कॅननला काही कार्ट्रिज चिपशिवाय विकावी लागली. प्रिंटर त्यांना 'अस्सल नाही' म्हणू लागले, तेव्हा कॅननच्या जर्मनीतल्या शाखेने स्वतःच ग्राहकांना ही सूचना कशी ओलांडायची ते समजावलं. टोनर किती उरला हे नीट दिसत नव्हतं, पण प्रिंट निघत होती.

कोर्टात काय झालं?

2017 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने लेक्समार्कच्या खटल्यात सांगितलं की कार्ट्रिज एकदा विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. म्हणजे कोणी ते पुन्हा भरून विकलं तर पेटंटच्या जोरावर अडवता येणार नाही. पण कायद्याने वाट मोकळी केली तरी चिपचं कुलूप राहतंच.

2020 च्या शेवटी एचपीच्या काही लेझर प्रिंटरवर अपडेट आलं आणि लोकांचे बाहेरचे टोनर चालेनासे झाले. त्यात रंगीत मॉडेल्सही होती. त्यावरून कॅलिफोर्नियात खटला झाला आणि 2025 मध्ये तडजोडीवर मिटला. एचपीने चूक मान्य केली नाही, सर्वसामान्य ग्राहकांना पैसेही मिळाले नाहीत. मिळालं एवढंच की ठरावीक मॉडेलवाल्यांना असं अपडेट नाकारता येईल.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला इथेच खरी अडचण दिसते. वाय-फायवरचा प्रिंटर हा छोटा कॉम्प्युटरच आहे, त्याला सिक्युरिटी अपडेट हवंच. पण त्याच अपडेटमधून टोनरचं कुलूपही येणार असेल, तर लोक अपडेटच बंद करतात आणि प्रिंटर असुरक्षित राहतो. या दोन गोष्टी वेगळ्या असायला हव्यात. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल आलं, पण ते दुरुस्तीची माहिती देतं, चिपचं कुलूप काढत नाही.

तोपर्यंत आपण काय करायचं?

घेण्याआधी पानाचा हिशोब करा. समजा एक टोनर 4,800 रुपयांचा आणि तो 1,200 पानं देतो. म्हणजे एका रंगाचे पानामागे 4 रुपये, चारही रंग वापरले तर 16. झेरॉक्सवाला रंगीत प्रिंटचे 10 घेत असेल तर महिन्याच्या चार-पाच पानांसाठी त्याच्याकडेच जा! शिवाय खोक्यावरचा पानांचा आकडा साधारण प्रत्येक रंगाने पानाचा 5% भाग व्यापेल असं धरून काढलेला असतो. फोटो छापलात तर टोनर त्याच्या कितीतरी आधी संपेल.

डार्क मोडचा स्क्रीनशॉट छापू नका. अख्खं पान काळं होतं. आधी लाइट मोड करा. नुसता मजकूर असेल तर फोनच्या प्रिंट स्क्रीनवर 'ब्लॅक अँड व्हाइट' निवडा.

'टोनर संपत आला' दिसताच बदलू नका. बरेच प्रिंटर छापलेल्या ठिपक्यांवरून फक्त अंदाज बांधतात. सेटिंगमध्ये 'कंटिन्यू' असेल तर ते निवडा आणि प्रिंट फिकी पडेपर्यंत वापरा.

बाहेरचा टोनर घेणार असाल तर तुमच्या मॉडेलवर तो आजच्या अपडेटनंतरही चालतो का आणि नाही चालला तर परत घेतात का, हे दुकानदाराला विचारा. फार स्वस्तातला नको. पूड हलकी असली तर ती नीट वितळत नाही, अक्षरं पुसली जातात आणि प्रिंटर आतून खराब होतो. ऑटो-अपडेट बंद केलंत तर निदान प्रिंटरचा पासवर्ड बदला आणि इंटरनेटवरून प्रिंट करायची सोय बंद ठेवा.

आणि पुढच्या वेळी दुकानात गेलात की पहिला प्रश्न हाच: "चारही टोनर मिळून कितीला?"