पंचतारांकित पाळणा

समुद्रकाठच्या पंचतारांकित हॉटेलांच्या जाहिरातींत गेल्या काही वर्षांत एका नव्या पाहुण्याचे चित्र दिसू लागले आहे. या पाहुण्याला चालता येत नाही, बोलता येत नाही, आणि बिल भरण्याची ऐपत तर त्याच्यापाशी मुळीच नाही. तरीही त्याच्यासाठी खोलीत पाळणा मांडला जातो, स्नानगृहात लहानसा टब येतो, भोजनगृहात उंच खुर्ची ठेवली जाते आणि आईवडिलांना निवांत जेवता यावे म्हणून ताशी दराने आयाही मिळते. पूर्वी अशा हॉटेलांचा सारा भर मधुचंद्राच्या जोडप्यांवर असे. आता तेच जोडपे दोन-तीन वर्षांनी तान्ह्या मुलासह परत यावे अशी योजना दिसते. धंद्याच्या दृष्टीने ती शहाणपणाची आहे यात शंका नाही.

या प्रकाराकडे पाहून नाक मुरडणे सोपे आहे. तान्हे मूल खाऱ्या वाऱ्यात कशाला न्यायचे, इथपासून एका रात्रीच्या भाड्यात गावाकडे बारसे उरकले असते, इथपर्यंतचे आक्षेप वडील मंडळींकडून ऐकू येतात. यातील पैशाचा मुद्दा खरा आहे. हंगामात अशा ठिकाणचे एका रात्रीचे भाडे सहज पाच आकडी असते आणि साडेसात हजारांवरील खोलीवर अठरा टक्के कर पडतो तो वेगळाच. रजा प्रवास सवलतीवर गोव्याला जाणारा कारकून किंवा शिक्षक ही हॉटेले बहुधा बाहेरूनच पाहतो. पण बाकीच्या आक्षेपांत फारसा अर्थ नाही. बाळंतिणीला माहेरी विसावा मिळावा ही आपल्याकडची जुनी रीत. सव्वा महिना शेकशेगडी, अळिवाचे नि डिंकाचे लाडू, बाळाला न्हाऊमाखू घालायला सराईत हात. या रीतीचे गोडवे गाताना तो विसावा कोणाच्या कष्टांवर उभा होता हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. पहाटे उठून चूल पेटवणारी आई, घरात आश्रयाला असलेली विधवा आत्या, स्वतःची चार मुले सांभाळून नणंदेचे बाळंतपण काढणारी थोरली वहिनी, या साऱ्या बिनपगारी होत्या म्हणून ते माहेर स्वस्त पडत होते. आज आत्या नोकरी करते, वहिनी दुसऱ्या शहरात आहे आणि बाळाची आजी बँकेतून निवृत्त व्हायला अजून तीन वर्षे आहेत. तेव्हा चार दिवस कोणी तरी आयते जेवण पुढे ठेवावे आणि तासभर मूल सांभाळावे, असे एखाद्या थकलेल्या आईला वाटले, आणि ते माहेर तिने पैसे देऊन विकत घेतले, तर तिला उधळी म्हणण्याचे कारण नाही.

मुलाला त्यातून काय मिळते, हा प्रश्न मात्र विचारावा. प्रामाणिक उत्तर असे की, फारसे काही नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उन्हापासून बचावाची मलमे या वयात लावू नयेत, सरळ सावलीत ठेवावे, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. पोहण्याच्या तलावात तान्ह्या मुलाच्या अंगातील ऊब मोठ्या माणसापेक्षा फार लवकर निघून जाते. समुद्राची निळाई त्याच्या लेखी नाही. त्याला लाटेपेक्षा पंख्याचे पाते आणि आईच्या गळ्यातील साखळी अधिक मनोरंजक वाटते. वाळू दिसली की ती तोंडात घालायची, एवढाच त्याचा किनाऱ्याशी व्यवहार. (पाच पानी भोजनपत्रिका असलेल्या स्वयंपाकघराला साधे खिमट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागते, हा आणखी एक अनुभव.) थोडक्यात, ही सहल बाळाची नसून बाळाच्या आईची आहे, आणि तिने ती उघड माथ्याने करावी.

परंतु आईला मिळणारी ही विश्रांती कोठून येते? माहेरी ती आत्या-वहिनीकडून येत होती. येथे ती कोणाकडून येते, हे पाहिल्याविना हा विषय पुरा होत नाही.

मोपा येथे २०२३ च्या जानेवारीत विमाने उतरू लागल्यापासून पेडणे तालुक्याच्या किनाऱ्याला नवा भाव आला आहे. त्या परिसरातील अशाच एका विश्रामधामात मुलीच्या आग्रहाखातर चार दिवस राहण्याचा योग आला. सोबत नऊ महिन्यांची नात. तिला सांभाळायला दुपारी दोन तास एक तरुण बाई येत असे. वय पंचविशीचे, गाव सावंतवाडी तालुक्यातील. पहाटे साडेपाचला ती कंत्राटदाराच्या गाडीत बसे, बांद्यावरून पत्रादेवी ओलांडून हॉटेलात येई आणि रात्री आठनंतर घरी पोचे. नातीला कडेवर घेण्याची तिची तऱ्हा पाहून कोणालाही कळावे की हा हात सवयीचा आहे. विचारले तेव्हा म्हणाली, ‘‘माझो झील सात म्हयन्यांचो. सासूकडे ठेवन येतंय.’’ एवढे सांगून ती नातीचे तोंड पुसू लागली. पुढचे तिने आम्हाला नव्हे, मुलीला सांगितले. दुपारी छाती भरून येते, ठणका लागतो. मग कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहात जाऊन दूध पिळून टाकावे लागते. घरी सासू मुलाला गाईच्या दुधात पाणी घालून पाजते. त्याच वेळी आमच्या नातीचे दूध, नाव नि वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवून, हॉटेलच्या शीतकपाटात व्यवस्थित ठेवलेले होते. ती चिठ्ठी लिहिण्याचे कामही त्या बाईकडेच होते.

यात हॉटेलच्या व्यवस्थापकाचा काही दुष्टपणा नव्हता. तो सभ्य गृहस्थ होता. विचारल्यावर त्याने सांगितले की, ही बाई आमच्या नोकरीत नाही, कंत्राटदाराच्या नोकरीत आहे. या एका वाक्यात आपल्या पर्यटन व्यवसायाची बरीचशी रचना येऊन जाते.

कायदा काय म्हणतो हे येथे सांगितले पाहिजे, कारण बहुतेक पाहुण्यांना आणि बहुतेक आयांनाही ते ठाऊक नसते. या कायद्याचा उगम आपल्याच प्रांतातला. कारखान्यांतील स्त्रियांना बाळंतपणासाठी पगारी रजा देणारे विधेयक १९२८ साली मुंबई विधिमंडळापुढे आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. प्रसूतीपूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा; परंतु मालकालाही त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ होतो, तेव्हा त्याला पूर्णपणे मोकळे सोडता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. १९६१ साली सबंध देशासाठी कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजेची मुदत बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली, जिची चर्चा कमी झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील त्या प्रत्येक आस्थापनेने पाळणाघर ठेवावे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, असे बंधन तिने घातले. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुट्टी देण्याची तरतूद तर १९६१ पासूनच आहे. या तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेण्यात आल्या.

यातील पन्नासाच्या अटीकडे नीट पाहावे. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराचे बंधन तिसाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तरच लागू होत असे. त्यामुळे स्त्रियांची संख्या तिसाच्या आत ठेवली की मालक सुटत होता. नव्या तरतुदीत स्त्री-पुरुष सगळेच मोजायचे आहेत. समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात माळी, आचारी, धोबी, पहारेकरी आणि खोल्या झाडणारे एवढेच मोजले तरी पन्नासाचा आकडा सहज ओलांडला जातो. तेव्हा आमच्याकडे स्त्रिया थोड्या आहेत, ही सबब कायद्याने शिल्लक ठेवलेली नाही.

शिल्लक राहते ती कंत्राटदाराची सबब. किनाऱ्यावरील हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मार्च असा असतो. पावसाळ्यात माणसे कमी करायची, दसऱ्याच्या सुमारास पुन्हा घ्यायची, मधल्या काळात कंत्राटदाराचे नाव बदलायचे, हा क्रम अनेक ठिकाणी चालतो. बाळंतपणाच्या लाभासाठी आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालेले असावे लागते. काम शंभर दिवस झालेले असते, पण ते कोणाकडे झाले, हे कागदावर सिद्ध करताना त्या बाईची दमछाक होते. वास्तविक दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हा लाभ कायम नसलेल्या स्त्री-कामगारांनाही दिला पाहिजे असे स्पष्ट केले आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेतही कंत्राटी कामगारांची वर्गणी भरली जाते की नाही, हे पाहण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकावरच टाकलेली आहे. आणि गंमत अशी की, कमी पगाराच्या ज्या स्त्रिया या योजनेत येतात, त्यांच्या बाळंतपणाच्या रजेचा पगार हॉटेलच्या तिजोरीतून जातच नाही. तो विमा योजनेतून येतो. रजेचा खर्च परवडत नाही म्हणून बाळंतपणाआधी बाईला कमी करणारा मालक बहुधा स्वतःच्या कायदेशीर सल्लागाराला विचारण्याचे कष्टही घेत नाही.

यावर एक प्रतिवाद नेहमी केला जातो. असे नियम फार कडक केले तर हॉटेलवाले स्त्रियांना कामावर घेणारच नाहीत, आणि आज मिळते ती नोकरीही जाईल. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. सावंतवाडी-दोडामार्गच्या खेड्यांतून गोव्यात कामाला जाणाऱ्या स्त्रियांना घराजवळ तेवढे पैसे देणारे काम नाही, हे खरेच आहे. सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला. त्यानंतर इतकी वर्षे लोटूनही तेथील मुलींना सकाळी हद्द ओलांडून जावे लागते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण खर्चाचा विचार केला तर रजेच्या पगारापेक्षा पाळणाघर हा फारच किरकोळ खर्च आहे. आणि या विशिष्ट धंद्यात तर तो जवळजवळ झालेलाच असतो. पाहुण्यांच्या मुलांसाठी थंड केलेली, रंगीत भिंतींची, खेळण्यांनी भरलेली खोली तेथे आधीपासून आहे. मुलांना सांभाळण्यात तरबेज स्त्रिया तेथे आहेत. दूध तापवण्याची, ठेवण्याची सोय आहे. हॉटेलच्या मागच्या अंगाला तशीच एक साधी खोली काढणे म्हणजे पोहण्याच्या तलावाभोवतालच्या चार छत्र्यांचा खर्च. अडचण पैशाची नाही. कर्मचाऱ्यांची मुले पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नयेत, ही खरी अडचण आहे. ती कोणी बोलून दाखवत नाही.

दृष्टीआड ठेवण्याची ही वृत्ती किनाऱ्याच्या बाबतीतही दिसलेली आहे. आग्वादच्या किल्ल्याच्या तटाशी १९७४ साली बडे हॉटेल आले तेव्हापासून गोव्यात किनारा कोणाचा, हा वाद आहे. भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंत बांधकामे होऊ देऊ नका, असे इंदिरा गांधींनी १९८१ साली किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळवले होते. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेचे मूळ त्यातच आहे. वायंगिणीच्या किनाऱ्यावर जाण्याची लोकांची वाट हॉटेलच्या आवारातून जाते म्हणून झालेला तंटा २००९ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ती वाट खुली ठेवली पाहिजे असा निकाल लागला. वाळू सर्वांची, हे निदान कागदावर तरी ठरले. कागद आणि कुंपण यांतील अंतर मात्र अजून बरेच आहे.

मग करावे काय? पाहुण्यांनी आया घेऊ नये, असे सांगणे भाबडेपणाचे आहे. त्याने त्या बाईचे नुकसानच होईल. पण खोली ठरवताना पाळणा आहे का, दूध तापवायची सोय आहे का, असे पाच-सात प्रश्न तरुण आईवडील दूरध्वनीवर विचारतातच. आमचे मूल ज्या बाईकडे राहणार तिचे मूल कोठे राहते, हा प्रश्न त्यांत घालायला हरकत नसावी. गिऱ्हाईक विचारते ते हॉटेल पुरवते, हा त्या धंद्याचा पहिला नियम आहे.

सरकारचे काम याहून सोपे आहे. हॉटेलांना तारे देणारी समिती केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची आहे. ती खोल्यांचे आकार मोजते, स्नानगृहे तपासते, आणि तारे ठरावीक मुदतीचे असल्याने दर काही वर्षांनी पुन्हा येते. कायद्याने आवश्यक असलेले पाळणाघर प्रत्यक्ष चालू असल्याचे पाहिल्याविना तिने तारे देऊ नयेत. कंत्राटी कामगारांच्या विम्याच्या वर्गणीची पावतीही त्याच वेळी मागावी. आणि तोवर गोवा व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या कामगार आयुक्तांनी आपापल्या किनाऱ्यांवरील पंचतारांकित हॉटेलांची यादी काढून, कोणत्या हॉटेलात पाळणाघर आहे, त्यात आज किती मुले आहेत आणि त्यांतील किती कंत्राटी स्त्रियांची आहेत, एवढे तीन रकाने भरून ती प्रसिद्ध करावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. एक निरीक्षक, एक गाडी आणि हंगाम सुरू होण्याआधीचा महिना, एवढे पुरेल.