पूर्ण वेढा की अर्धा?



गेल्या महिन्यात नेरूळच्या माझ्या दवाखान्यात एक आजी-आजोबा आले. त्यांचा सहा वर्षांचा नातू सेरेब्रल पाल्सीमुळे चालू शकत नाही. त्याला भरवण्याचे काम आजींकडे आहे. वाटीभर खिमट भरवायला तास लागतो, आणि रात्री तेच उलटून वर येते. वर्षभरात दोनदा न्यूमोनिया झाला. बेरियमच्या तपासणीत हायटस हर्निया दिसला आणि बालशल्यचिकित्सकांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली. आजोबांनी फाइल पुढे ठेवून विचारले, "डॉक्टर, एकजण म्हणतात पूर्ण वेढा घाला, दुसरे म्हणतात अर्धा. आम्ही कोणाचे ऐकावे?"

आधी रचना समजून घेऊ. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल असते. त्यातील छिद्रातून अन्ननलिका खाली उतरून जठराला मिळते. हे छिद्र सैल होऊन जठराचा वरचा भाग छातीत सरकला, की त्याला हायटस हर्निया म्हणतात. मग जठरातील आम्ल आणि अन्न वर येते, त्याला रिफ्लक्स म्हणतात.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. दूध पिऊन गुळणी टाकणाऱ्या, पण वजन नीट वाढणाऱ्या, हसऱ्या बाळाला शस्त्रक्रिया लागत नाही. बहुतेक बाळांचा हा त्रास वर्ष-दीड वर्षात आपोआप थांबतो. आहारात बदल आणि औषधे यांचा योग्य प्रयत्न करूनही वजन खुंटले, अन्ननलिकेत जखमा झाल्या किंवा अन्न श्वासमार्गात जाऊन वारंवार न्यूमोनिया झाला, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. उलटी हिरवी असेल, तर मात्र तो रिफ्लक्स समजू नका. बाळाला तत्काळ रुग्णालयात न्या.

शस्त्रक्रियेत श्वासपटलाचे सैल छिद्र टाके घालून आवळतात आणि जठराच्या वरच्या भागाचा अन्ननलिकेच्या टोकाभोवती वेढा घालतात. रुडॉल्फ निस्सेन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत हा वेढा पूर्ण, म्हणजे ३६० अंशांचा असतो. तुपे पद्धतीत तो मागच्या बाजूने आणि थाल पद्धतीत पुढच्या बाजूने घालतात; दोन्ही अर्धवट वेढे आहेत. दुर्बिणीची वाट आपल्या मुंबईला नवी नाही. डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये जे.जे. रुग्णालयात भारतातील पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया केली. पुढच्याच वर्षी बेल्जियममधील शल्यचिकित्सकांनी निस्सेन पद्धत दुर्बिणीतून केल्याचे प्रसिद्ध केले.

मग निवड कशी करावी? पूर्ण वेढा रिफ्लक्स अधिक घट्ट रोखतो. पण घास अडकणे, ढेकर न येणे आणि पोट फुगणे हे त्रास त्यात अधिक संभवतात. अर्धवट वेढ्यात गिळणे सोपे राहते, पण रिफ्लक्स परतण्याची शक्यता वाढते. ऑक्सफर्ड येथे मुलांवर निस्सेन आणि थाल यांची तुलना झाली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. मेंदूचा आजार असलेल्या मुलांत पूर्ण वेढ्यानंतर रिफ्लक्स कमी वेळा परतला. इतर मुलांत तसा ठळक फरक दिसला नाही. म्हणून 'सर्वांत चांगली पद्धत कोणती' असे न विचारता 'आमच्या मुलासाठी कोणती, आणि का' असे विचारावे. दुर्बिणीमुळे जखम लहान राहते आणि मूल लवकर सावरते. वेढा कायम टिकेल याची हमी मात्र ती देत नाही. रोबोटचा खर्च जास्त आहे, पण मुलांत त्याचा निकाल अधिक चांगला असल्याचे सिद्ध झालेले नाही.

शल्यचिकित्सकांना हेही विचारा: मुलांमध्ये ही शस्त्रक्रिया आपण नियमित करता का? वेढा सुटला किंवा वर सरकला तर पुढे काय? भरवण्यासाठी पोटातून नळी लागेल का?

हा शेवटचा प्रश्न ऐकून आजींचे डोळे भरून आले. "नळी आली, म्हणजे मी त्याला भरवायचेच नाही?" त्या नातवाचे गिळणे असुरक्षित होते, म्हणून पूर्ण वेढा आणि त्याबरोबर नळी हा शल्यचिकित्सकांचा सल्ला मला योग्य वाटला. नळीने पोट भरेल आणि फुफ्फुसे वाचतील. गिळण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ परवानगी देतील, तर चमच्याच्या टोकावरची चव आजींच्या हातूनच देता येईल. आजोबांनी मान डोलावली. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग त्यांनी नळीची स्वच्छता कशी ठेवायची ते विचारले.

घरी आल्यावरची जबाबदारी बहुधा आपल्यासारख्या ज्येष्ठांवरच येते. तोंडाने खाणाऱ्या मुलाला डॉक्टर सांगतील तितके दिवस मऊ, पातळ अन्न थोडे थोडे द्या; पोळीचा तुकडा किंवा सुका घास देऊ नका. फसफसणारी पेये टाळा. पोट टम्म फुगले आणि उबळ येऊनही उलटी होत नसेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. वेढ्यामुळे ओकता न येणे धोक्याचे ठरू शकते. नळी असल्यास ती उघडून हवा कशी सोडायची, हे रुग्णालयातून निघण्यापूर्वीच परिचारिकेकडून शिकून घ्या. तरीही उतार पडला नाही, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठा.