पाच सामन्यांत लावलेला निकाल

एप्रिल 2025 मध्ये आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सने पहिल्या पाचपैकी चार सामने गमावले आणि आमच्या बोदवडच्या चहाच्या टपऱ्यांवर प्रशिक्षक महेला जयवर्धनेचा निकाल लागला. "याला परत कशाला आणला, भाऊ?" मे उजाडेपर्यंत संघाने सलग सहा सामने जिंकले. मग तीच तोंडं सांगू लागली, "प्रशिक्षक असावा तर असा! बाउचरने वाटोळं केलं होतं." दोन्ही वेळा पुरावा म्हणून मोबाइलवरचा गुणतक्ता नाकासमोर धरला गेला. तक्ता खरा होता, त्यावरून काढलेला अर्थ मात्र दोन्ही वेळा साफ चुकीचा होता.

जरा मागे जाऊन बघा. 2022 मध्ये प्रशिक्षक जयवर्धने: 14 पैकी 4 विजय, दहावा क्रमांक. 2023 मध्ये मार्क बाउचर: 8 विजय, क्वालिफायर दोनपर्यंत धडक. 2024 मध्ये तोच बाउचर: 4 विजय, पुन्हा दहावा. 2025 मध्ये जयवर्धने परतला: 8 विजय, पुन्हा क्वालिफायर दोन. या चार हंगामांत दोघांच्याही पदरात एक चार आणि एक आठ. यातून एक शहाणा आणि दुसरा बिनडोक कसा ठरवता?

प्रशिक्षक बदलतात ते बहुधा संघ तळाला गेल्यावर. तळाला जाण्यात खराब खेळ असतो, तसाच नाणेफेकीचा, दुखापतींचा आणि शेवटच्या षटकांचाही वाटा असतो. एवढं दुर्दैव दरवर्षी वाट्याला येत नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी संघ सहसा थोडाफार वर येतो, खुर्चीत कोणीही बसवा. त्यात नोव्हेंबर 2024 च्या मोठ्या लिलावात ट्रेंट बोल्ट आणि दीपक चहर मुंबईकडे आले. पाठीच्या दुखण्यामुळे जसप्रीत बुमरा पहिले चार सामने बाहेर होता, तो 7 एप्रिलला वानखेडेवर परतला. तो सामनाही गेला, पण त्यानंतरच ती सहा विजयांची रांग लागली. आणि 2023 चा संपूर्ण हंगाम बाउचरने बुमराशिवाय काढला होता. हे टपरीवर कोणी बोलत नाही, कारण गुणतक्त्यात दुखापतीचा रकाना नसतो.

विजय मोजायचेच असतील तर त्यातलं अंतरही मोजा. 2025 च्या सुरुवातीच्या त्या चार पराभवांपैकी लखनौ आणि बंगळुरूविरुद्धचे दोन प्रत्येकी 12 धावांनी झाले, चेन्नईचा सामना शेवटच्या षटकापर्यंत गेला. साखळी संपली तेव्हा मुंबईचा नेट रनरेट 1.142 होता, दहाही संघांत सर्वाधिक. गाडीच्या वरचा कापूस पाहून भाव बोलणाऱ्या व्यापाऱ्याला आपण मूर्ख म्हणतो. संघाच्या बाबतीत तेच करणाऱ्याला जाणकार का म्हणायचं?

बास्केटबॉलमध्ये जाणकार आधी गुणांचा फरक बघतात. तिथेही नुसत्या जय-पराजयाने फसगत होते. जानेवारी 2016 मध्ये क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सने प्रशिक्षक डेव्हिड ब्लॅटला काढलं तेव्हा संघ 30 जिंकून 11 हरला होता. त्याच्या जागी टायरन लू आला आणि संघ उरलेल्या साखळीत 27 जिंकून 14 हरला. तक्त्यावर लू कमी ठरतो, पण त्याच संघाने जूनमध्ये विजेतेपद पटकावलं.

जयवर्धनेला बोदवडच्या टपरीची झळ लागत नाही. झळ लागते ती तालुक्यातल्या कबड्डीच्या सरांना. नवीन सर येतात, मुख्य चढाईपटू दहावी होऊन गेलेला असतो, पहिल्याच फेरीत जिल्ह्यातला तगडा संघ समोर येतो, आणि एका पराभवावर "या सरांत दम नाही" असा शिक्का बसतो. पालक बोलतात, संस्थाचालक ऐकतात, आणि सर मैदान सोडून कारकुनी करू लागतात. हा अन्याय आहे आणि त्यात नुकसान पोरांचं होतं.

म्हणून सांगतो, गुणपत्रिका जपून ठेवा. कोण खेळलं, कोण जखमी होतं, समोर कोण होतं, किती गुणांनी हरलो, हे प्रत्येक सामन्याला लिहा आणि निदान दोन हंगाम थांबा. एवढं करायची तयारी नसेल, तर सरांच्या नोकरीबद्दल तोंड उघडू नका.