नवें ग्रामण्य

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर ज्यांचें वास्तव्य आहे, अशा आमच्या वाचकांस 5 एप्रिल 2020 च्या रात्रीचें प्रकरण स्मरत असेल. टाळेबंदीचे दिवस होते. पंतप्रधानांनीं रात्रीं नऊ वाजतां दिवे लावण्याचें आवाहन केलें होतें, व तत्कालीन मंत्री श्री. जितेंद्र आव्हाड यांनीं त्यावर टीका केली होती. या रस्त्यावर राहणाऱ्या एका अभियंत्यानें त्यांची विटंबना करणारें चित्र फेसबुकवर प्रसिद्ध केलें. पुढें पोलिसांनीं आपणांस घरून मंत्र्यांच्या बंगल्यावर नेलें व तेथें बेदम मारहाण झाली, अशी त्याची तक्रार आहे. मंत्रिमहाशयांनीं आरोप नाकारला. 2021 मध्यें त्यांस अटक होऊन जामीन मिळाला, आणि 2023 सालीं सर्वोच्च न्यायालयानें अधिक तपासाचा आदेश दिला. खरेंखोटें न्यायासनच ठरवील. परंतु एकानें दुसऱ्यास चव्हाट्यावर आणावें, दुसऱ्याच्या कैवाऱ्यांनीं पहिल्यास धडा शिकवूं पाहावें, आणि उभयपक्षीं आपणच नीतीचे रक्षक आहों असें मानावें, ही रीत आतां नित्याची झाली आहे.

ठाणें जिल्ह्यास हा अनुभव नवा नव्हता. नोव्हेंबर 2012 मध्यें, पालघर त्या वेळीं याच जिल्ह्यांत असतांना, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयीं एका तरुणीनें फेसबुकवर चार ओळी लिहिल्या व तिच्या मैत्रिणीनें त्यांस पसंती दर्शविली. मुलीनें मजकूर काढून क्षमा मागितली, तरी जमावानें तिच्या नातलगाचा दवाखाना फोडला व दोघींस अटक झाली. पुढें खटला मागें पडला, आणि ज्या 66 अ कलमाचा आधार घेतला होता तें सर्वोच्च न्यायालयानें 2015 सालीं रद्द केलें. पण लिहिलें एकीनें आणि दवाखाना मोडला दुसऱ्याचा, हें विसरण्याजोगें नाहीं.

आपल्या समाजास हें अपरिचित आहे काय? 1890 सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनांत न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक आदि मंडळी जमली असतां चहा पुढें आला. कोणी घेतला, कोणी नुसता शिवला. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापविलीं, आणि ग्रामण्य उभें राहिलें. एका पेल्यापायीं घरोघरच्या कार्यांस भटजी मिळेनात व लेकीबाळींस माहेरीं येण्याची चोरी झाली. मित्रांच्या अशाच अडचणींसाठीं रानड्यांनीं 1892 सालीं प्रायश्चित्त घेतलें. तेव्हांही शिक्षा व्यक्तीस सुनावली गेली आणि भोगली ती कुटुंबानें.

त्या ग्रामण्याचे गोडवे आम्ही गात नाहीं. वाळीत पडलेल्या कित्येकांस परतीची वाट मिळालीच नाहीं. म्हणूनच महाराष्ट्रानें 2016 सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तथापि चहाच्या त्या प्रकरणांत शंकराचार्यांच्या वतीनें चौकशी झाली, आरोपितांस आपली बाजू मांडतां आली, आणि प्रायश्चित्ताची कांहीं मर्यादा होती. मोबाइलवरील ग्रामण्यांत विचारणारा कोणी नाहीं, आणि क्षमा मागितली तरी ती कोणाकडे रुजू करावी हेंही ठाऊक नाहीं. मजकूर लिहिणारानें पुसला तरी त्याच्या प्रती हजारों हातीं राहतात.

अन्याय दिसत असतां मौन धरावें, असा आमचा उपदेश मुळींच नाहीं. जिचें गाऱ्हाणें कचेरींत कोणी ऐकलें नाहीं अशा स्त्रीस याच माध्यमांनीं वाचा दिली आहे. पण समजा, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर धुण्याभांड्याच्या बाईचें छायाचित्र ‘हिच्यापासून सावध राहा’ म्हणून आलें. ती बाई त्या गटांत नाहीं. तिचें म्हणणें तेथें कोणी ऐकणार नाहीं, परंतु दुसऱ्या दिवसापासून चार घरचीं कामें जातील आणि तिच्या मुलांच्या शाळेचा खर्च थांबेल. चोरी झाली असेल तर पोलीसचौकी आहे. तेथें तक्रार नोंदली जाते व खोटी ठरल्यास तक्रार करणारास जाब द्यावा लागतो. गटावर हा जाब कोणीच देत नाहीं.

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. असा मजकूर पुढें धाडण्यापूर्वी तो घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं व मुलांनीं एकत्र बसून एकदां मोठ्यानें वाचावा, आणि त्या जागीं आपल्या घरचें नांव घालून पाहावें. एवढ्यानेंही हात थांबला नाहीं, तर निदान त्या माणसास आधीं विचारावें, आणि त्याचें उत्तर आल्यास तेंही तितक्याच तत्परतेनें सर्वांस धाडावें.