चौथ्या मजल्यावरची खिडकी

मे १८७६. पीटर्सबर्गमध्ये येकातेरिना कोर्निलोवा या गरोदर बाईने आपल्या सहा वर्षांच्या सावत्र मुलीला चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली ढकलले. मग खिडकी लावली, कपडे बदलले आणि पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःच गुन्हा कबूल केला. मुलगी आश्चर्यकारकरीत्या वाचली. दोस्तोयेव्हस्की तेव्हा ‘लेखकाची रोजनिशी’ हे एकहाती मासिक काढत होता, आणि त्यात हे प्रकरण त्याने महिनोन्‌महिने लावून धरले. त्या काळचा रशिया समजून घ्यायचा तर त्याच्या कादंबऱ्यांइतकीच ही रोजनिशीही वाचावी, असे मला ठामपणे वाटते. कादंबरीतला निकाल लेखकाच्या हातात असतो. इथे तो ज्यूरीच्या हातात होता. भूदासांची मुक्ती १८६१ची, ज्यूरीची न्यायालये १८६४च्या सुधारणेतली. नव्या कायद्याला जुन्या घरात नेमके काय दिसते, हे या पानांत उघडे पडते. कोर्निलोवाला दोन वर्षे आठ महिने सक्तमजुरी आणि पुढे सायबेरिया अशी शिक्षा झाली. नवरा पहिल्या बायकोवरून तिला टोचून बोलत असे. गरोदरपणात तिचे मन ताळ्यावर नसावे, अशी शंका दोस्तोयेव्हस्कीने ऑक्टोबरच्या अंकात मांडली आणि तुरुंगात जाऊन तिची भेटही घेतली. पुढे तो निकाल रद्द झाला आणि एप्रिल १८७७मध्ये दुसऱ्या ज्यूरीने तिला निर्दोष सोडले. त्याआधी, फेब्रुवारी १८७६च्या अंकात, त्याने क्रोनेबर्ग खटला घेतला होता. सात वर्षांच्या लेकीला छड्यांनी झोडपणारा हा बाप सुटला. बापाचा बचाव करताना वकील स्पासोविचने त्या पोरीलाच खोटारडी आणि चोरटी कशी ठरवत नेले, हे दोस्तोयेव्हस्की एकेक वाक्य उलगडत दाखवतो.

यावर रास्त आक्षेप असा, की रोजनिशीचा हा आरसा मुळातच वाकडा आहे. याच रोजनिशीत कॉन्स्टँटिनोपल रशियाचेच व्हायला हवे असा धोशा आहे, आणि मार्च १८७७च्या अंकात ज्यूंविषयी विखारी मजकूर आहे. त्याचे समर्थन होऊ शकत नाही, मीही करणार नाही. पण तो वाकडेपणा कुठे येतो, ते पाहावे. त्या पानांत खिडकी नाही, छडी नाही, नावागावाचे माणूस क्वचितच. आहे तो फक्त ‘रशियन जनता’ नावाचा भला मोठा शब्द. एक माणूस समोर असला की दोस्तोयेव्हस्कीची नजर स्वच्छ होते, अख्खी जमात समोर आली की गढुळते. हा गढूळपणाही त्या समाजाचाच होता. म्हणून ती पाने वगळू नयेत, साक्ष म्हणून वाचावीत.

दुसरा आक्षेप त्याच्या हयातीतच आला. कोर्निलोवाच्या कळवळ्यापोटी तो खिडकीतून पडलेल्या पोरीला विसरला, असे एका टीकाकाराने लिहिले. डिसेंबर १८७७च्या अंकात त्याने सविस्तर उत्तर दिले. त्यात तत्त्वचर्चा होतीच; पण बाई सुटून आल्यानंतर आपण कोर्निलोव्हांच्या घरी गेलो आणि तिथे काय पाहिले, हेही त्याने वाचकांपुढे ठेवले.