ड्राइव्ह केले, सोडले कोणी?

'एकाच बसवर दोन एजंट आहेत. दुसऱ्याने लिहायला सुरुवात केली की डेटावर एक्स येतो. सिम्युलेटरमध्ये बग आहे का?' अशा आशयाची पत्रे या महिन्यातही आली. सोबतचा कोड आम्ही वाचला. बग सिम्युलेटरमध्ये नाही.

इंटरफेसमधला डेटा वायर आहे. क्लॉकिंग ब्लॉकचा आउटपुट नेटवर गेला की सिस्टिमव्हेरिलॉग तिथे आपणहून एक ड्रायव्हर उभा करते. पहिल्या ड्राइव्हपर्यंत त्यावर झेड असतो. एकदा ए५ लिहिले की पुढचा ड्राइव्ह येईपर्यंत तो ए५ धरून ठेवतो, मधे कितीही क्लॉक जावोत. ट्रान्झॅक्शन संपल्याचे त्याला कळत नाही. पहिल्या एजंटने जाताना झेड लिहिला नाही, दुसऱ्याने स्वतःच्या वेगळ्या क्लॉकिंग ब्लॉकमधून ५ए लिहिला; आठही बिट एक्स. हाच डेटा लॉजिक असता तर शेवटचे लिखाण टिकले असते, एक्स दिसलाच नसता आणि चूक टेपआउटपर्यंत झाकून राहिली असती. म्हणून हा एक्स दिसला, हे बरेच झाले.

खरा राग आहे तो कंपन्यांमधल्या चेकलिस्टवर. 'क्लॉकिंग ब्लॉक वापरला का? होय/नाही.' होयवर खूण झाली की रिव्ह्यू संपला. आउटपुट सोडतो कोण, रिसेटमध्ये त्यावर काय असते, एजंटचा ड्रायव्हर क्लॉकिंग इव्हेंटवर थांबतो की कच्च्या पॉझएजवर, यातले काहीही विचारले जात नाही. एका वाचकाने पाठवलेल्या कोडिंग गाइडलाइनमध्ये तर अजून लिहिले आहे की, एकाच आउटपुटवर एकाच सायकलमध्ये दोन वेगळे ड्राइव्ह झाले तर रनटाइम एरर येते आणि बिट एक्स होतात. तो नियम आयईईई १८०० प्रमाणाच्या २००५च्या आवृत्तीतला. आताच्या प्रमाणात फक्त शेवटची किंमत लागू होते. आधीची मुकाट्याने जाते. म्हणजे एक्स येईल या भरवशावर ज्यांनी तिथे असर्शन लिहिले नाही, त्यांच्याकडे दोन थ्रेड एकमेकांचे लिखाण पुसत असतील आणि रिग्रेशन हिरवे दिसत असेल. अशा गाइडलाइनवर दरवर्षी सही करणाऱ्या लीड मंडळींनी ती एकदा उघडून वाचावी.

आणि व्हॅलिड एका सायकलपुरता हवा असेल तर पुढच्या सायकलला शून्य तुम्हीच लिहायचे. शून्य आपोआप येत नाही. # १ घालून वेव्हफॉर्म सरळ करणे आता थांबवा.

आयईईई १८००चे चौदावे प्रकरण छोटे आहे आणि प्रमाण आयईईईच्या गेट योजनेतून विनामूल्य मिळते. या आठवड्यात ते वाचा. आपल्या टीमच्या चेकलिस्टमध्ये 'प्रत्येक आउटपुट कोण सोडतो?' हा प्रश्न घाला. त्यानंतरही टूल प्रमाणाविरुद्ध वागताना दिसले, तर वीस ओळींची टेस्टकेस करून आधी व्हेंडरला द्या आणि तिची प्रत आमच्याकडे पाठवा.