लेकी बोले, सुने लागे

उघड शिवी देणारास आपला समाज शिवराळ म्हणतो. परंतु शिवी न उच्चारता शिवीचे सर्व कार्य साधणारास तो चतुर म्हणून गौरवितो. हा गौरव अस्थानी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंग्रजीत अशा बोलण्यास ‘इन्युएंडो’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मान हलवून खुणावणे’ असा आहे. जीभ निष्कलंक, आणि आरोप मात्र नेमक्या ठिकाणी पोहोचलेला! आमच्याकडे यास टोमणा म्हणतात, आडून बोलणे म्हणतात. पण त्याचे खरे मर्म वरील म्हणीतच आहे. सासू रागे भरते ती लेकीवर. सुनेने उत्तर दिले, तर ‘तुला कोण बोलले?’ हा प्रश्न तयार. ती गप्प राहिली, तर दोष तिला मान्य! वार तर झालाच, पण तो करणारी मात्र कोणीच नाही.

कोणी म्हणेल, सूचकता हे तर भाषेचे भूषण. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनीलाच काव्याचा आत्मा मानले. मानले खरे, पण कवी आपला ध्वनी रसिकाने ओळखावा म्हणून योजतो, आणि टोमणेखोर तो नाकारता यावा म्हणून. सासुरवाशीण जात्यावरच्या ओवीत आडून बोलली, तर तिला उघड बोलण्याची सोय नव्हती. ज्यास ती आहे, त्याने आड घेणे हा भ्याडपणा होय.

या बाबतीत कायदा लोकरूढीहून शहाणा ठरला. १८६० च्या भारतीय दंडविधानातील कलम ४९९ मध्ये एक दृष्टांत होता: एखाद्याने चोरी केली असे लोकांस वाटावे, या हेतूने ‘तो प्रामाणिक गृहस्थ आहे, त्याने घड्याळ चोरलेच नाही’ असे म्हणणे हीही बदनामीच. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही तो कायम आहे. म्हणजे कायदा शब्दांबरोबर हेतूही पाहतो.

परंतु माजघरातील प्रत्येक टोमण्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? तेथे उपाय ऐकणारांच्याच हाती आहे. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या उशिरा परतण्यावर कोणी सूचक खाकरला, की चारचौघे हसतात. त्या हसण्यावरच टोमणा जगतो. त्यांपैकी एकाने जरी शांतपणे विचारले, ‘आपण हे कोणाविषयी बोलता? स्पष्ट सांगा,’ तर बोलणारास आरोप सिद्ध तरी करावा लागेल, नाही तर गिळावा लागेल. हा प्रश्न विचारण्याचे ओझे जिला टोमणा लागला तिच्यावर टाकू नये. ते ऐकणाराचे कर्तव्य आहे.